निखारा फुलेपर्यंत

चि. सोनू,

ऑस्टिनच्या घराचे फोटो मामीने आणि मी मिळून पाहिले. मागचं अंगण चांगलं ऐसपैस आहे आणि तिथली मोकळी फरसबंदी ग्रिलसाठी अगदी योग्य आहे. ग्रिल कोळशाचं घ्यावं की गॅसचं, असं तू विचारलं होतंस. दुकानात शेजारीच मांडलेली ती पत्र्याची चिमणी आणि स्मोकर बॉक्स खरंच लागतात की नुसतं सामान वाढतं, हेही विचारलं होतंस. फोनवर घाईघाईत उत्तर दिलं. पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आपल्या मंडळींच्या बार्बेक्यूत मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. चिकन आदल्या रात्रीपासून दह्यात मुरत असतं. आलं-लसूण ताजं वाटलेलं, कसुरी मेथी तळहातावर चुरून घातलेली. मसाल्यात कुठे म्हणून कसूर नाही. मग अंगणात कोळशाचा ढीग होतो, त्यावर लायटर फ्लुइडची अर्धी बाटली रिकामी होते, काडी लागते, जाळ उंच उठतो, मुलं टाळ्या पिटतात, आणि तो जाळ बसायच्या आतच तंगड्या जाळीवर चढतात. पाच-सात मिनिटांत वरून काळंठिक्कर आणि हाडापाशी कच्चं. घास तोंडात घेतला की रॉकेलची आठवण यावी असा वास. मग चर्चा होते मसाल्याची: तिखट जास्त झालं, दही आंबट होतं. दोष असतो विस्तवाचा, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. मसाल्यावर जितका जीव टाकतेस त्याच्या निम्मा तरी विस्तवावर टाक, एवढंच मला तुला सांगायचं आहे. चिमणी आणि स्मोकर बॉक्स या दोन्ही वस्तू त्यासाठीच आहेत.

आधी कोळसा म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. कोळसा म्हणजे लाकूडच, पण पुरेशी हवा न लागू देता तापवलेलं. त्यातलं पाणी आणि धूर करणारी बहुतेक द्रव्यं भट्टीतच उडून जातात, मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. म्हणून नीट फुललेला निखारा धग भरपूर देतो आणि धूर जवळजवळ देत नाही. दुकानात मिळणारे उशीच्या आकाराचे ब्रिकेट हे कोळशाचा चुरा स्टार्चने बांधून दाबलेले असतात. अमेरिकेत त्यांचा प्रसार हेन्री फोर्डमुळे झाला. १९२०च्या दशकात मिशिगनच्या उत्तर भागात त्याच्या लाकूड गिरण्या होत्या, कारण मॉडेल टी गाडीत लाकडाचे भाग बरेच असत. उरलेले तुकडे आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून त्यापासून ब्रिकेट करायचा कारखाना निघाला आणि ते ब्रिकेट फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतूनही विकले गेले. आजच्या निळ्या-पांढऱ्या पिशवीवरचं किंग्सफर्ड हे नाव एडवर्ड किंग्सफर्ड या फोर्डच्या नातलगाचं. गिरणीसाठी जंगलाची जमीन मिळवून देण्यात त्याचा हात होता.

ब्रिकेटशिवाय दुसरा प्रकार लम्प चारकोलचा. हे लाकडाच्या मूळ आकाराचे ओबडधोबड तुकडे असतात. ते लवकर पेटतात, जास्त तापतात, राख कमी करतात, पण पिशवीत मोठे आणि बारीक सगळेच निघत असल्यामुळे धग एकसारखी राहत नाही. तू सुरुवात ब्रिकेटने कर. एका धगीची सवय झाली की लम्पकडे वळ.

आता चिमणी. फूटभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं, दोन्ही तोंडं उघडी, आत तळापासून थोडी वर एक जाळी, खालच्या कडेला भोकं, बाजूला मूठ आणि ओतताना धरायची कडी. यंत्र म्हणून एवढंच. जाळीवर कोळसा भरायचा आणि जाळीखाली कागद पेटवायचा. खालचा कोळसा धरला की तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी भोकांतून ताजी हवा ओढली जाते, ती पुढचा थर पेटवते आणि ओढ आणखी वाढते. फुंकणी नको, पुठ्ठ्याने वारा घालणं नको. जळगावच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठव: खालच्या जाळीतली राख झाडली आणि मधल्या नळात चार करवंट्या टाकल्या की तो कसा घोंघावत पेटायचा. चिमणीत घडतं ते हेच.

लायटर फ्लुइडला माझा विरोध नुसत्या वासासाठी नाही. ते खनिज तेलापासून काढलेलं असतं, आणि कोळसा अर्धवट पेटलेला असताना लोक ‘अजून थोडं’ म्हणून वरून धार सोडतात. तेव्हा ज्वाळा धारेवरून हाताकडे येते. भाजल्याच्या कितीतरी घटना अशाच होतात. लॉस एंजेलिसच्या परिसरात तर कोळसा पेटवताना हवेत जाणाऱ्या या द्रवाच्या वाफांवर १९९० सालीच नियम करून मर्यादा घातली गेली. काडी लावताच पेटणारा म्हणून जो कोळसा मिळतो, तोही अशाच द्रवात भिजवलेला असतो. तो घरात आणूच नको. चिमणी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते आणि तिला लागतात वर्तमानपत्राची दोन पानं.

कसं करायचं ते नीट सांगतो. वर्तमानपत्राची दोन पानं सैलसर चुरगाळ आणि त्यांचं कडं करून जाळीखाली ठेव. गच्च कोंबू नको, हवाच अडते. कागदावर चमचाभर गोडंतेल शिंपडलंस तर तो भुर्रकन जळून न जाता रेंगाळत जळतो. वारा असेल त्या दिवशी मेणाचे छोटे ठोकळे मिळतात ते बरे. चिमणी ग्रिलच्या आतच, कोळशाच्या जाळीवर उभी कर. फरसबंदीवर ठेवू नको: काँक्रीटमध्ये ओल मुरलेली असते, ती एकदम तापली की त्याचे कपचे उडतात. लाकडी डेकवर तर मुळीच नको. खालच्या भोकांतून दोन-तीन ठिकाणी काडी लाव आणि बाजूला हो.

पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येईल, डोळे चुरचुरतील. नवखा माणूस इथेच अधीर होतो. तो धूर कागदाचा आणि नुकत्या तापू लागलेल्या कोळशाचा असतो, त्यावर काही भाजायचं नसतं. हळूहळू धूर विरत जातो. चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसते, तापलेला पत्रा बारीक टिकटिकतो, खोलवर नारिंगी उजेड धरतो आणि वरच्या ब्रिकेटच्या कडांवर राखेची साय येऊ लागते. याला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. मोठ्या चिमणीत शंभरएक ब्रिकेट मावतात, पण तुम्हा दोघांच्या जेवणाला अर्धी चिमणीही पुष्कळ झाली. वरचा प्रत्येक तुकडा पांढराशुभ्र होईपर्यंत मात्र थांबू नको, तोवर तळचे बरेच जळून गेलेले असतात. हातांत जाड चामडी मोजे घाल, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने पुढची कडी धर आणि अंगापासून लांब, सावकाश ओत. रिकामी चिमणीही बराच वेळ भाजण्याइतकी तापलेली असते, म्हणून ती कुठे टेकवायची ते आधीच ठरवून ठेव.

सगळे निखारे अर्ध्याच भागात लोट आणि दुसरा अर्धा भाग रिकामा सोड. ग्रिलवरच्या सगळ्या युक्त्यांत ही मला सर्वांत मोलाची वाटते. निखाऱ्यांवर थेट आच, रिकाम्या बाजूला झाकणाखालची ऊब. दह्यातलं चिकन थेट आचेवर ठेवलंस तर दही आणि मसाला आधी करपणार हे ठरलेलं. म्हणून जास्तीचं दही निपटून टाक, तुकडे रिकाम्या बाजूला मांड, झाकण लाव, वरची झडप तुकड्यांच्या डोक्यावर येईल अशी फिरव. आत शिजत आलं की शेवटची दोन-चार मिनिटं निखाऱ्यांवर घे. तेव्हा चरबीचे थेंब पडून जो चुरचुराट होतो आणि वास सुटतो, तो ग्रिलचा खरा वास. या झाकणाचं श्रेय जॉर्ज स्टीफनला. शिकागोजवळ पत्र्याच्या कारखान्यात तो पाण्यावर तरंगणाऱ्या मोठ्या बोया बनवायचा. उघड्या ग्रिलवर वाऱ्या-पावसाने त्रास दिला म्हणून १९५२ साली त्याने बोयाचे गोल दोन भाग घेऊन एकाचं भांडं केलं आणि दुसऱ्याचं झाकण. आज वेबर म्हणून जे काळं गोल ग्रिल घरोघरी दिसतं ते तेच.

धुराची गोष्ट मात्र वेगळी. निखारा धूर देत नाही म्हटलं, म्हणजे धुराची चव हवी असेल तर लाकूड वेगळं घालायला हवं, आणि ते हवं तेवढंच घालता येतं हा केवढा फायदा आहे! लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल यांसारखी द्रव्यं तयार होतात. आपण जिला धुराची चव म्हणतो, ती बरीचशी यांची. पण लाकडाने भडकून पेट घेतला तर ही द्रव्यं ज्वाळेतच जळून जातात. लाकूड धुमसायला हवं, त्यासाठी हवा मोजकी मिळायला हवी. स्मोकर बॉक्सचं काम इतकंच. बिडाची किंवा स्टीलची चपटी पेटी, झाकणाला भोकं, आत लाकडाच्या ढलप्या.

ही पेटी मुख्यतः गॅस ग्रिलसाठी आहे, कारण तिथे निखारेच नसतात. अन्नाची जाळी उचलून पेटी एका टोकाच्या बर्नरवर ठेव, तो बर्नर मोठा कर, झाकण लाव. धूर दिसू लागला की आच कमी कर आणि अन्न दुसऱ्या टोकाला मांड. ढलप्यांनी गच्च भरलेली पेटी साधारण अर्धा तास चालते. कोळशाच्या ग्रिलला पेटीची गरज नाही, तिथे मुठीएवढा लाकडाचा एक ठोकळा निखाऱ्यांच्या कडेला ठेवला की काम होतं. पेटी विकत घेण्याआधी फॉइलची पुडी करून पाहा: मूठभर ढलप्या, दुहेरी फॉइल, वरून सुरीच्या टोकाने चार-पाच भोकं. आवडलं तर पेटी घे.

ढलप्या पाण्यात भिजवाव्यात असं पिशव्यांवरही छापलेलं असतं. मी भिजवत नाही, तूही भिजवू नको. तासाभरात पाणी लाकडात खोल शिरत नाही, वरवर ओल येते. ती ओल उडून जाईपर्यंत लाकूड शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि तितक्या तापमानाला चवीचा धूर होत नाही. सुरुवातीला जे पांढरं दिसतं ती बरीचशी वाफ असते. कोरड्या ढलप्या आणि मोजकी हवा, हेच बरोबर.

धुराचा रंग पाहायला शीक. दाट, पांढरा, लोळांनी येणारा धूर अन्नावर कडू थर चढवतो, जीभ बधिर होते. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर चांगला. वरची झडप म्हणून पूर्ण उघडी ठेवायची आणि आच खालच्या झडपेने सांभाळायची. धूर कोंडला की कडवटपणा आलाच. आणि धूर सुरुवातीलाच दे. मांस थंड आणि ओलसर असतं तेव्हा तो चांगला धरतो, वरून कोरडं पडल्यावर तितका धरत नाही.

लाकूड कोणतं, तर तू टेक्सासात आहेस तेव्हा पोस्ट ओकपासून सुरुवात कर. तुझ्या घरापासून गाडीने तासाभरात लॉकहार्ट येतं, १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ज्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून गौरवलं ते गाव. तिथलं क्रॉइझ मार्केट १९००पासूनचं. मध्य टेक्सासची ही परंपरा जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून आली. न विकलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर शिजवत आणि कागदावर तसंच वाढत. एखाद्या शनिवारी दोघं जाऊन या. खाणं तर होईलच, पण भट्टीजवळ दोन मिनिटं उभं राहून तिथला धूर किती पातळ असतो ते बघ. मेस्कीटही तुमच्याकडचंच, पण फार उग्र. झटपट भाजायच्या गोष्टींना थोडंसं चालतं, तासन्‌तासाच्या कामाला नाही. हिकरी मध्यम-जोरकस. सफरचंद आणि चेरी हलकी, पनीर, मासे आणि भाज्यांना हीच शोभतात. पाइनसारखं चिकाचं लाकूड कधीच नको. जुन्या डेकच्या फळ्या, रंगवलेलं लाकूड, पॅलेट यांना हातही लावू नको. २००३च्या अखेरीपर्यंत इथल्या घरगुती बांधकामाच्या लाकडाला टिकण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायन देत असत, आणि तुझ्या घराचा डेक त्याहून जुना आहे असं तूच म्हणालीस.

तू मांस आठवड्यातून एखाद्या वेळीच खातेस, तेव्हा हे सगळं चिकनसाठीच आहे असं समजू नको. आपल्या खानदेशात भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या नाहीतर तुरकाठ्यांच्या जाळावर भाजतात, गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही हे तुझी आजी जन्मभर सांगत आली. चिमणीतून निखारे ओतलेस की मोठं वांगं थेट त्यांच्यावर ठेव, जाळीवरही नको. साल पूर्ण काळी पडून वांगं बसेपर्यंत चिमट्याने फिरवत राहा, मग ताटलीखाली झाकून ठेव आणि साल काढ. शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात तुला ठाऊक आहेच. इथल्या इंडियन ग्रोसरीत बारीक वांगी मिळतात, ती भरताची नव्हेत. अमेरिकन दुकानातलं मोठं जांभळं वांगं घे. कणसं सालासकट रिकाम्या बाजूला ठेव, नंतर साल सोलून निखाऱ्यावर डाग पाड. रताळी फॉइलमध्ये गुंडाळून कडेच्या राखेत पुरलीस तर बाकीचं जेवण होईपर्यंत शिजतात. आणि बट्ट्या! झाकणाखाली, रिकाम्या बाजूला, अधूनमधून उलटत केल्यास तर इतक्या खमंग होतात की ओव्हनकडे पुन्हा वळावंसं वाटणार नाही. पनीरला धूर दहा मिनिटंच दे, ते फार पटकन धरतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर भाजायचं असेल तर गॅस आणि सोबत पेटी. सुट्टीच्या दिवशी, चार माणसं जमवून करायचं असेल तर कोळसा आणि चिमणी. एकच घ्यायचं असेल तर मी कोळसाच घे म्हणेन. विस्तव वाचायला त्याच्यावरच शिकता येतं, आणि जी कोळशावर शिकली तिला गॅस अवघड जात नाही. उलटं सहसा होत नाही.

काही गोष्टी मात्र निक्षून सांगतो. ग्रिल घराच्या भिंतीपासून, कुंपणापासून आणि फांद्यांपासून किमान दहा फूट लांब हवं. उन्हाळ्यात तुमच्या कौंटीत आगीची बंदी जाहीर होते तेव्हा आधी नियम पाहा, आणि गवत वाळलेलं असेल तर पाण्याची नळी हाताशी ठेव. कोळसा गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, कधीही पेटवायचा नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासात बर्फ पडून वीज गेली तेव्हा ऊब मिळावी म्हणून लोकांनी ग्रिल आणि जनरेटर घरात आणले, आणि माणसं दगावली. विझत आलेला कोळसाही हा वायू सोडतो, म्हणून पाऊस आला तरी ग्रिल आत ओढायचं नाही.

काम संपलं की दोन्ही झडपा बंद कर, कोळसा गुदमरून विझतो. उरलेले तुकडे पुढच्या वेळी राख झटकून नव्या कोळशात मिसळता येतात. राख मात्र ४८ तास तशीच राहू दे आणि मग झाकणाच्या लोखंडी बादलीत काढ. वरून गार दिसणाऱ्या राखेत आदल्या दिवशीचा निखारा जिवंत असतो, आणि प्लास्टिकच्या कचराकुंडीला आग लागते ती अशीच. जाळी घासायला तारेचा ब्रश घेऊ नको. त्याची तुटलेली तार अन्नातून पोटात गेल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. तापलेल्या जाळीवर अर्धा कांदा काट्याला टोचून फिरव, स्वच्छही होते आणि तेलाचा हातही बसतो.

जावईबापूंना आशीर्वाद. चिमणी मी इथूनच पाठवली आहे, पुढच्या आठवड्यात पोहोचेल. पहिल्या वेळी काही अडलं तर लगेच फोन कर. रविवारी दुपारी मी घरीच असतो.

तुझा,
मामा

ता. क. थर्मामीटर लिहायचा राहिला होता, आणि तो सर्वांत आधी घे. धुरावर शिजलेल्या चिकनला हाडाजवळ, कधी कडेलाही, गुलाबी रंग येतो. धुरातल्या वायूंचा मांसातल्या रंगद्रव्याशी संयोग होऊन तो तसा राहतो, कच्चेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट वरून छान तांबूस झालेला तुकडा आत कच्चा असू शकतो. म्हणून रंगावर विसंबू नको. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता सुई घाल. १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस दिसले की चिकन खायला सुरक्षित. तंगडी त्याहून दहा-पंधरा अंश वर गेली तर जास्त मऊ होते.